तीन मिनिटांची डायरी

[दृश्य : नागपूर, नाग नदीकाठची वस्ती, सकाळ]

या भिंतीवर कमरेच्या वर एक मातकट रेघ आहे. चुना मारला, तरी पावसाळ्यात ती पुन्हा उमटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी इथवर चढलं होतं. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी मोर भवनच्या बसस्थानकापासून लोकांच्या चुलीपर्यंत शिरली.

आता या घरांत कॉलेजची पोरं येतात. नव्या शैक्षणिक धोरणाने समाजात जाऊन करायच्या कामाला श्रेयांक दिले. पोरांच्या तोंडी ते 'सीईपी', म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंटचं काम. खरं तर खंजिरी घेऊन गावोगाव फिरलेल्या तुकडोजी महाराजांचं नाव ज्या विद्यापीठाला आहे, तिथे वस्तीत जाऊन शिकण्याचं नवल वाटू नये. पण वाटतं.

[दृश्य : जिन्यात बसून मोबाईलशी बोलणारी विद्यार्थिनी]

सर्वेक्षणाचा फॉर्म भरून झाला की प्रत्येकाने तीन मिनिटांची व्हिडिओ डायरी करायची. लेखी अहवाल सीनियरकडून उतरवता येतो, हे काय लपून आहे? स्वतःचं तोंड उतरवता येत नाही.

नियम एकच, पण कडक. कॅमेरा स्वतःच्या तोंडाकडे. वस्तीतलं घर नाही, लेकरं नाहीत, कोणाचं नाव नाही. पुरानंतर मोबाईल उंचावून येणारे या गल्लीने पुष्कळ पाहिले.

पहिल्या आठवड्याच्या क्लिपा ऐका. जवळपास प्रत्येकीत एक वाक्य येतंच : "इथले लोक गरीब आहेत, पण समाधानी आहेत." कोणी विचारलं होतं त्यांना?

तीच मुलगी, काही आठवड्यांनंतर :

"काकू मले म्हणे, हे लिहून नेल्यानं काय होते? मी त गप्पच बसली."

पुढचा बराच वेळ ती बोलत नाही. क्लिप चालूच राहते. शिक्षकांनी तिला गुण दिले नाहीत, उलट एक प्रश्न पाठवला : तू काय उत्तर द्यायला हवं होतंस? ही डायरी असल्या प्रश्नावरच चालते. प्रश्न आला नाही, तर पोरं चार दिवसांत कॅमेऱ्यासमोरही पाठ केलेलं बोलू लागतात.

आणि ऐकायला वेळ लागतो. साठ विद्यार्थ्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या क्लिपा म्हणजे आठवड्याला तीन तास. वेळापत्रकात हे तीन तास कुठेच नसतात. शिवाय दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांसमोर स्वतःशी बोलायचं कसं, म्हणून कोणी जिना गाठतं, कोणी गच्ची. ज्याला तेही जमत नाही, त्याने नुसता आवाज पाठवला तरी चालतं. चालायलाच हवं.

[दृश्य : समाजमंदिर, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड]

विद्यार्थ्यांनी परवानगी दिलेल्या काही क्लिपा आज वस्तीला दाखवताहेत. एक मुलगा पडद्यावर समजावतो आहे, नदीचं पाणी दारातून घरात कसं आलं. मागच्या सतरंजीवरून आवाज येतो :

"नदी त मागून आली बाप्पा! पहिले पाणी मोरीतूनच वर आलं."

आणखी दोघी-तिघी माना डोलावतात. ड्रेनेजचं पाणी उलटं फिरलं होतं, नदी दाराशी पोचायच्या आधीच. फॉर्ममध्ये पाण्याची उंची होती, नुकसानीची रक्कम होती. हा रकाना नव्हता.

पुढच्या तुकडीच्या फॉर्मवर तो आहे. चौथा प्रश्न : पाणी आधी कुठून आलं, दारातून की मोरीतून?