स्वीडनमधली मूसची शिकार: एक गोळी आणि दिवसभराची हमाली

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी! सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी उत्तर स्वीडनमधल्या एखाद्या खेड्यात नळ गळायला लागला, तर प्लंबर शोधून बघा. बहुतेक मिळायचा नाही. गॅरेजवाला जंगलात, शाळेतला शिक्षक रजेवर, लाकडाच्या गिरणीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. त्या दिवशी मूसची शिकार सुरू होते. दक्षिणेकडे ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होते, पण उत्तरेत या आठवड्याला दिवाळीच्या सुट्टीचा मान आहे.

मी येम्टलांड भागात मित्रांबरोबर या शिकारीला गेलो होतो. माझ्या हातात बंदूक नव्हती. ती का नव्हती ते पुढे येईलच. आधी मूस म्हणजे काय ते बघू.

[स्क्रीनवर: मूसचं चित्र, शेजारी माणूस]

हरणांच्या कुळातलं हे सगळ्यात मोठं जनावर. आपल्या सांबराचा लांबचा भाऊ म्हणा. खांद्यापाशी उंची दोन मीटरच्या आसपास, मोठ्या नराचं वजन चारशे-पाचशे किलो. शिंगं फक्त नराला, आणि तीही दर हिवाळ्यात गळून पडतात, पुन्हा नवी येतात. पाय इतके लांब की गाडीची धडक बसली तर बॉनेट पायांना लागतं आणि सगळं धड थेट समोरच्या काचेवर येतं. म्हणून इथे ड्रायव्हिंग शिकताना मूसचा धडा वेगळा असतो. 1997 मध्ये एका स्वीडिश मोटार मासिकाने, रस्त्यात अचानक मूस आडवा आला तर गाडी झटक्यात वळते का, याची चाचणी घेतली आणि मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास सगळ्यांसमोर उलटली. कंपनीने गाड्या परत मागवून त्यात सुधारणा केली. 'मूस टेस्ट' हे नाव त्यानंतर जगभर झालं.

आणि हो, सडलेली सफरचंदं खाऊन त्याला चढते. 2011 मध्ये गोथेनबर्गजवळच्या सेरो गावात एक मूस सफरचंदाच्या झाडातच अडकून बसला होता. फोटो शोधा, सापडेल. अग्निशमन दलाला यावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. 'शिकार' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर यायचा तो पिवळा पडलेला फोटो: मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले राजेसाहेब, बाजूला गोरा साहेब, मागे ओळीने हाकारे. कोल्हापूर संस्थानात तर काळवीट धरायला चित्ते पाळलेले असत. आपल्याकडे शिकारीचं चित्र हेच राहिलं, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते चित्र कायमचं भिंतीवर गेलं. जायलाच हवं होतं.

स्वीडनमध्येही अठराव्या शतकापर्यंत मूस राजाचा आणि सरदारांचा. शेतकऱ्याने मारला तर गुन्हा. 1789 मध्ये राजा तिसरा गुस्ताव याला सरदारांना वेसण घालायची होती, म्हणून त्याने शेतकऱ्यांना बऱ्याच सवलती दिल्या. त्यात आपल्या मालकीच्या जमिनीवर शिकारीचा हक्कही होता. पुढे काय झालं असेल? लोकांनी इतके मारले की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूस जवळपास संपला. बंदी घालावी लागली. 1830 मध्ये शिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती आजही आहे.

विसाव्या शतकात उलटं घडलं. लाकूड कंपन्या जंगलाचे मोठे पट्टे एकदम कापायच्या आणि तिथे पाइनची रोपं लावायच्या. कोवळा पाइन म्हणजे मूसचं हिवाळ्यातलं आवडतं खाणं. लांडगे तोवर जवळपास नाहीसे झाले होते. संख्या अशी फुगली की 1982 च्या एका वर्षात स्वीडनमध्ये जवळजवळ पावणेदोन लाख मूस मारले गेले. आता तो आकडा निम्म्याच्याही खाली आहे. मूसच कमी झालेत, आणि ते मुद्दाम कमी केलेत.

म्हणून आज इथला शिकारी म्हणजे इलेक्ट्रिशियन, नर्स, ट्रक ड्रायव्हर. राजाही शिकार करतो, त्याची वेगळी जागा आहे. पण आमच्या गटात राजा नव्हता, निवृत्त पोस्टमन होता आणि सगळे त्याचंच ऐकत होते.

[नकाशा: येम्टलांड]

गटाला इथे 'याक्तलाग' म्हणतात. एखाद्या परिसरातले जमीनमालक आणि त्यांचे सोबती एकत्र येऊन हा गट करतात. स्वीडनमधलं साधारण निम्मं जंगल खाजगी मालकीचं आहे. त्या जंगलात कोणीही फिरू शकतं, बेरी आणि मशरूम गोळा करू शकतं. शिकारीचा हक्क मात्र मालकाचा. आणि मालक झाला म्हणून मनाला येईल तितके मारता येत नाहीत. किती नर, किती माद्या, किती पाडसं, हा कोटा त्या त्या भागाच्या नियोजनातून ठरतो आणि जिल्हा प्रशासनाची त्यावर नजर असते. मारलेल्या प्रत्येक जनावरामागे शुल्क भरायचं. हंगामाच्या सुरुवातीच्या दिवसांत कुठे किती मूस दिसले याची नोंद शिकारीच करतात आणि पुढचा कोटा ठरवताना तीच नोंद वापरली जाते.

बंदूक हवी असेल तर शिकाऱ्याची परीक्षा. ती 1985 पासून आहे. कायदे, प्राण्यांची ओळख, सुरक्षितता, यांचा लेखी पेपर. मग मैदानात नेमबाजी, त्यात 80 मीटरवर रुळावरून सरकणारी मूसची आकृती असते. त्यानंतर पोलिसांकडून प्रत्येक बंदुकीचा वेगळा परवाना, घरात लोखंडी कपाट आणि दरवर्षीचं शिकारपत्र. मी परीक्षा दिलेली नाही, म्हणून माझ्या हातात थर्मास होता.

पहाटे अंधारात सगळे एका लाकडी झोपडीपाशी जमलो. मूसची शिकार सूर्योदयाआधी एक तास सुरू करता येते आणि सूर्यास्ताला थांबवावी लागते. पोस्टमनकाकांनी (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणायचो) नकाशा उघडला, वारा कुठून येतोय ते बघितलं आणि ज्याची त्याची जागा वाटून दिली. त्या जागेला 'पास' म्हणतात. वाऱ्याला इतकं महत्त्व का? मूसची नजर बेताची असते, पण नाक आणि कान भयंकर तिखट. म्हणून डोक्यावर भडक केशरी टोपी चालते, ती हरणाला वेगळी दिसत नाही आणि सोबत्याला मात्र लांबून दिसते. पण अत्तर, आफ्टरशेव्ह लावून आलात तर दिवस वाया.

मग काकांनी दिवसाचे नियम सांगितले. आज मोठी मादी मारायची नाही. पाडसं चालतील. नर एकच. मादी पाडसासोबत असेल तर आधी पाडसू, मादी कधीच आधी नाही, कारण आईविना उरलेलं पाडसू हिवाळ्यात टिकत नाही. मला हे ऐकताना कसंसंच झालं, खोटं कशाला बोलू? माझ्या शेजारी उभी असलेली मैत्रीण, जी एरवी वृद्धाश्रमात काम करते, शांतपणे म्हणाली, "आयाच मारल्या तर पुढच्या वर्षी पाडसं कुठून येणार?" तिचा हिशेब असा: सगळ्यात जास्त पिल्लं देणारी मादी जपायची आणि हिवाळ्यात तसंही ज्यांचं सगळ्यात जास्त मरण होतं, त्यातली काही आपण घ्यायची. हिशेब मला पटला. गळ्याखाली उतरायला अजून वेळ लागेल.

[थोडं पुढे वाकून]

आता शिकारीचा सगळ्यात मोठा भाग ऐका: बसणं. मी त्या मैत्रिणीबरोबर दलदलीच्या कडेला एका लाकडी मचाणावर बसलो. पानही हलत नाही. थंडी बुटातून वर चढते. आणि मूसमाशी! ही माशी अंगावर बसते, पंख टाकून देते आणि केसांत शिरून खेकड्यासारखी तिरकी पळते. चिमटीत धरली तरी चिरडत नाही. शिकारीचं शौर्य विचाराल तर माझं सगळं तिथेच खर्च झालं.

हाकाऱ्यांचं काम इथे कुत्रा करतो. आमच्याकडे येम्टहुंड होता, याच भागातली जात, राखाडी, शेपटी वळलेली, लांडग्याची आठवण करून देणारा. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. कुत्रा एकटाच जंगलात सुटतो, माग काढतो आणि मूस सापडला की त्याच्यासमोर उभा राहून भुंकत राहतो. चांगला कुत्रा चावायला जात नाही, मूसला पळवतही नाही, गुंतवून ठेवतो. मूसला वाटतं, ही कटकट इथेच संपवू. तेवढ्यात कुत्र्याचा मालक वाऱ्याच्या उलट बाजूने दबकत जवळ येतो. मूस निसटलाच तर तो बहुधा कुठल्यातरी पासवर जातो.

सकाळी उशिरा लांबून भुंकणं सुरू झालं. रेडिओवर कुजबुज. मैत्रिणीने मोबाईलवर कुत्र्याचा ठिपका दाखवला, एकाच जागी स्थिर. मग ठिपका सरकला. आमच्या दिशेने! झाडांतून एक मादी बाहेर आली, एकटी. इतकं मोठं जनावर, आणि पायाखाली काडी मोडल्याचा आवाज नाही. दलदल ओलांडून आमच्या पुढून गेली. मैत्रिणीची बंदूक मांडीवरच. हीच ती 'आज मारायची नाही' असलेली. ती दिसेनाशी झाल्यावर मैत्रिणीने वही काढली आणि नोंद केली: मादी एक, पाडसू नाही. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. माझ्यासाठी त्या दिवसाचं शिखर ते होतं आणि त्यात गोळी उडालीच नाही.

गोळी दुपारी उडाली. आमच्यापासून दूर, एकच बार. काही मिनिटांनी रेडिओवर आवाज आला, "नर, पडला."

नेम खांद्याच्या मागे, हृदय आणि फुप्फुसांवर धरतात. तरीही जनावर थोडं अंतर पळू शकतं. जखमी होऊन निसटलं तर? म्हणून कायदा सांगतो, माग काढायला शिकवलेला कुत्रा दोन तासांत जागेवर पोहोचेल अशी सोय आधीच करून ठेवा. त्या दिवशी त्या कुत्र्याची गरज लागली नाही.

आणि मग, मंडळी, खरं काम सुरू झालं. नर पडला होता दलदलीच्या पलीकडे, गाडीरस्त्यापासून लांब. आतडी जागेवरच काढतात, म्हणजे मांस लवकर थंड होतं. मग त्याला ओढायचं. उत्तरेकडे यासाठी 'यार्नहेस्त' नावाचं पट्ट्यांवर चालणारं छोटं यंत्र वापरतात. आमचं यंत्र मऊ चिखलात रुतलं. मग दोर, खांदे आणि शिव्या. शिव्या तीन भाषांत, त्यातली एक मराठी. रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला होता. मधे एकदा शेकोटी पेटवून किटलीत उकळलेली कॉफी आणि काडीवर भाजलेले सॉसेज झाले. त्या चिखलात एकमेकांना जी ओळख होते, ती ऑफिसच्या पार्टीत होत नाही.

झोपडीत सोलून, मधोमध कापून धड टांगून ठेवलं. त्याला मुरू द्यायचं, आणि त्याचाही हिशेब आहे: रोजच्या तापमानाची बेरीज साधारण 40 झाली की मांस तयार. म्हणजे 8 अंशांत 5 दिवस, 4 अंशांत 10 दिवस. स्वीडिश माणूस रोज थर्मामीटर बघून भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहितो.

वाटणीच्या दिवशी आमच्या गटाने मोठ्या टेबलावर सारखे ढीग लावले. गोळी मारणाऱ्याला जास्त? नाही. एकाने भिंतीकडे तोंड केलं, दुसऱ्याने ढिगावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने नाव सांगितलं. वाद संपला. एक छोटी पिशवी दोर ओढणाऱ्यालाही मिळाली, म्हणजे मला.

[कॅमेऱ्याकडे बघत]

आता तुम्ही कमेंटमध्ये विचारणार: मग आपल्याकडेही असंच करायचं का? माझं आजोळ विदर्भात. तिथे रोही आणि रानडुकरं उभा हरभरा रात्रीत आडवा करतात, शेतकरी थंडीत जागलीला जातो आणि सकाळी पंचनाम्यासाठी खेटे घालतो. स्वीडनची पद्धत तिथे उचलून ठेवता येणार नाही. इथे माणसं एक कोटीच्या जरा वर, जंगल देशाच्या दोन तृतीयांशांहून जास्त, आणि बंदुकीच्या परवान्यावर पोलिसांचं बारीक लक्ष. आपल्या जंगलात वाघ-बिबट्या आहेत, त्यांच्या तोंडचा घास आपण का घ्यायचा? पण एक गोष्ट मला खटकते. इथे ज्याची पाइनची रोपं मूस खातो, त्यालाच मूसच्या मांसात वाटा मिळतो आणि किती मूस असावेत या बैठकीत खुर्चीही मिळते. आपल्याकडे शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त नुकसान येतं, भरपाई आली तर आली. बंदूक नको, पण ती खुर्ची द्यायला काय हरकत आहे? यावर विदर्भातल्या मंडळींनी नक्की लिहा, शहरातल्यांनी जरा नंतर.

राहिला प्रश्न चवीचा. मांस गडद लाल, चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे घाईत शिजवलं तर चामडं. इथे ते मशरूम आणि क्रीमसोबत मंद शिजवतात, बाजूला लिंगनबेरीचा आंबटगोड जॅम. एक पदार्थ तर गोठलेला तुकडा मंद ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून, मग मिठाच्या पाण्यात बुडवून करतात. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून, कुकरला न लावता, जाड बुडाच्या पातेल्यात तीन तास ठेवलं. पोस्टमनकाकांनी दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, यात लिंगनबेरी का नाही. कृतीचा व्हिडिओ हवा असेल तर सांगा, मसाल्याचं प्रमाण आईला विचारून टाकतो.