दहा लाख अणूंत एक मँगनीजचा: इलेक्ट्रॉनची फेज नेमकी कुठे हरवते?

चांदीची एक तार घेऊ. रुंदी 100 नॅनोमीटरच्या आसपास, तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दशांश केल्विन वर. या तारेत दर दहा लाख अणूंमागे एक अणू मँगनीजचा आहे. एरवी या चांदीला कुणीही शुद्धच म्हणेल. इलेक्ट्रॉनांना मात्र तो एक अणू जाणवतो, आणि चांगलाच जाणवतो.

इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो आणि तरंगाला फेज असते, म्हणजे तो चढ-उताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. अशा तारेत अणूंची रचना कधीच नीटनेटकी नसते. स्फटिककणांच्या सीमा असतात, खडबडीत कडा असतात, परके अणू असतात. इलेक्ट्रॉन दर काही दशक फेम्टोसेकंदांनी कशावर तरी धडकतो. एवढ्या धडकांत फेजचा पार विचका होत असेल, असंच कुणालाही वाटेल. पण तसं होत नाही! अडथळा जागचा हलत नसेल आणि धडकेनंतर होता तसाच राहत असेल, तर तरंगाची दिशा बदलते, फेजचा हिशोब शाबूत राहतो. लाखो धडकांनंतरही. मला या विषयात सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

[पडद्यावर: एक वेडावाकडा बंद मार्ग, त्यावर विरुद्ध दिशांचे दोन बाण]

धडकत धडकत निघाल्या जागी परत येणारा हा मार्ग बघा. तरंग तो दोन्ही बाजूंनी पार करतो. अंतर तेच, अडथळे तेच, फक्त क्रम उलटा. म्हणून दोन्ही भाग परत येतात ते एकाच फेजमध्ये, आणि इलेक्ट्रॉन मूळ जागी परतण्याची शक्यता वाढते. तारेचा रोध किंचित वाढतो. हे वीक लोकलायझेशन. सोन्याचांदीत स्पिन-ऑर्बिट परिणामामुळे (इलेक्ट्रॉनची गती आणि त्याचा स्पिन, म्हणजे इवल्या चुंबकासारखा अंगभूत गुण, यांच्या जोडणीमुळे) चिन्ह उलटतं आणि रोध किंचित घटतो, पण मोजायची रीत तीच. बारीकसं चुंबकीय क्षेत्र लावायचं. किती क्षेत्राला हा परिणाम पुसला जातो, त्यावरून फेज किती अंतर टिकली ते कळतं.

आता मँगनीजकडे येऊ. या अणूला स्वतःचा स्पिन आहे. इलेक्ट्रॉन धडकला की दोघांचे स्पिन एकदम पलटू शकतात. इलेक्ट्रॉन पुढे निघून जातो, पण अणूवर त्याच्या जाण्याची नोंद उरते. दोन बाजूंनी गेलेल्या तरंगांनी मागे वेगवेगळ्या नोंदी ठेवल्या, की त्यांचं जुळणं संपलं.

आणि या पलटण्याला ऊर्जा लागत नाही. तापमान उतरवलं की जाळीची कंपनं थंडावतात. इलेक्ट्रॉनांची आपसातली ढकलाढकलही कमी होते. अल्टशुलर, अरोनोव्ह आणि ख्मेलनित्स्की यांनी 1982 मध्ये दाखवलं की बारीक तारेत त्यामुळे फेज टिकण्याचा काळ तापमानाच्या उणे दोन तृतीयांश घाताने वाढत जातो. मोकळा स्पिन मात्र थंडीतही पलटत राहतो.

म्हणूनच 1997 मध्ये मोठा वाद पेटला. मोहंती, जरीवाला आणि वेब यांना सोन्याच्या तारांत दिसलं की अगदी कमी तापमानाला हा काळ वाढायचा थांबतो. निरपेक्ष शून्यालाही न थांबणारी शून्य बिंदूची कंपनंच फेज मोडतात, असा अर्थ त्यांनी लावला. तो खरा ठरता तर धातूंविषयीच्या आपल्या मूलभूत समजुतीलाच धक्का बसला असता. पुढे फ्रान्समधल्या सॅक्ले आणि अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या गटांनी शुद्धतेच्या दोन प्रतींच्या चांदीच्या तारा तपासल्या. 99.999 टक्के शुद्ध चांदीत काळ अडकून राहिला. 99.9999 टक्के शुद्ध चांदीत तो 40 मिलिकेल्विनपर्यंत वाढतच गेला, दहा नॅनोसेकंदांच्याही पुढे. फरक दशांश चिन्हानंतरच्या एका नऊचा!

दोष परक्या अणूंच्या स्पिनचाच, याचा माझ्या मते सर्वांत देखणा पुरावा 2002 चा आहे. पिएर आणि बर्ज यांनी तांब्याच्या कड्यांत अहारोनोव्ह-बोम दोलनं मोजली, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलताना कड्याच्या रोधात होणारे चढ-उतार; फेज टिकली तरच ते दिसतात. कमी क्षेत्रात ती क्षीण होती. क्षेत्र पुरेसं वाढवल्यावर ती ठळक झाली. जोरदार क्षेत्रात स्पिन एका दिशेला बांधले जातात, पलटायला ऊर्जा लागते, आणि ती थंड तारेत मिळत नाही. अणू तिथेच आहेत, पण आता ते नोंद ठेवत नाहीत.

क्षेत्र न लावताही हे घडू शकतं. आजूबाजूचे इलेक्ट्रॉन मिळून अणूचा स्पिन झाकून टाकतात. हा कोंडो परिणाम, ज्याचा पाया जून कोंडो यांच्या 1964 च्या गणितात आहे. हे झाकणं ज्या तापमानाच्या आसपास सुरू होतं ते कोंडो तापमान. फेजची नासाडी त्याच्या आसपास सर्वाधिक होते आणि त्याखाली घटत जाते. चांदीतल्या लोखंडासाठी हे तापमान काही केल्विन आहे, त्यामुळे उतरण मोजता येते. चांदीत मुद्दाम लोखंडाचे अणू घालून 2006 मध्ये ती मोजली गेली, आणि कोंडो तापमानाच्या साधारण दहाव्या भागापर्यंत मोजमाप गणिताशी छान जुळलं. त्याखाली फेजची नासाडी अपेक्षेइतकी कमी झाली नाही. मोजणाऱ्यांनी पुढचं लक्ष वळवलं ते या उरलेल्या तुकड्याकडे.