कूलर आधी बंद करा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'ध्वनिमुद्रणातली तंत्रं'. त्याकडे येतोच. पण मे महिना आहे आणि समोर नागपूरकर बसलेत, म्हणून आधी कूलरबद्दल बोलू द्या.

काही वर्षांपूर्वी अशाच मे महिन्यात खडी गंमतीच्या, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लोकनाट्याच्या, एका वयस्कर शाहिरांचं रेकॉर्डिंग होतं. बाहेर 45 डिग्री. हॉलच्या खिडक्यांना दोन मोठे कूलर, नव्या वाळ्याचा घमघमाट. हेडफोन कानाला लावला, तर शाहिरांच्या आधी कूलरच ऐकू आला. म्हटलं, वीस मिनिटं बंद ठेवू. संयोजक म्हणाले, "पब्लिक भाजून निघंल ना जी! तुम्ही टिपून घ्या, मागून सॉफ्टवेअरमध्ये साफ होते."

'मागून साफ होते.' आमच्या धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान या तीन शब्दांनी केलंय. विजेची गुणगुण असती, तर ती 50 हर्ट्झवर आणि तिच्या पटीत, 100, 150 वर सापडते. नेमकी तिथंच कात्री लावता येते. कूलर म्हणजे हवेचा फरफराट, खालपासून वरपर्यंत पसरलेला. आणि आपला 'स', आपला 'श' हासुद्धा दातांमधून सुटलेल्या हवेचाच आवाज. दोन्ही एकमेकांत मिसळल्यावर वेगळे कसे करणार? तीन रात्री बसलो. जेवढा कूलर काढला, तेवढा शाहीर गेला. 'सासू'चं 'आऊ' झालं. तुणतुण्याची तार पाण्यात बुडवल्यासारखी लवलवायला लागली. डफ तेवढा वाचला.

शाहिरांना ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "हा आवाज माहा नाही बाप्पा."

मला झोप लागेना. आठ दिवसांनी त्यांच्या गावी गेलो. पहाटे पाच, ओसरीत घोंगडी अंथरलेली, पंखासुद्धा बंद. एकाच बैठकीत झालं सगळं. मध्ये एकदा कोंबडा आरवला. तो मी आजही काढलेला नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर तंत्रं. एक, आवाज बारीक वाटला की गेन, म्हणजे माइकमधून येणारा आवाज मोठा करायचं बटण, वाढवू नका, त्यानं कूलरही वाढतो. माइक जवळ घ्या. अंतर एक फुटावरून सहा इंचांवर आणलं की गायकाचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो आणि खोलीतला कूलर होता तेवढाच राहतो. मात्र फार जवळ गेलात तर 'प', 'फ' फुटतात. माइक थोडा तिरपा धरा. दुसरं, कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ गोंगाटाकडे करा. वाऱ्याचा झोत तेवढा माइकवर येऊ देऊ नका. रेकॉर्डर 24 बिटवर ठेवा, म्हणजे हळू आवाजही नीट टिपला जातो, आणि सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. शाहीर चढा जातोच, आणि डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलेला सूर फाटतो. तो पुन्हा शिवता येत नाही. शेवटी, सगळ्यांना गप्प बसवून नुसत्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट टिपा, संकलनात सांधे झाकायला तो लागतोच.

खोली आणि प्रतिध्वनीचं राहिलं, त्यासाठी पुन्हा बोलवा. आता मागच्या खिडकीजवळचे दादा, ते दोन्ही कूलर बंद करा जी. पहाटेचं ते रेकॉर्डिंग सोबत आणलंय, लावतो.