धार तर झाली होती ना?

श्रोतेहो, नमस्कार. ‘शब्दाचा अर्थ लिहा’, ‘पात्राच्या मनातली भावना स्पष्ट करा’ हे उताऱ्याखालचे प्रश्न तुम्हाला माहीत आहेतच. त्यावर बोला, असं मला सांगितलंय. बोलतो, पण आधी एक गोष्ट.

एका कथेतला उतारा मी अकरा वर्षं शिकवला. विळ्याला धार लावून झालेली असते, बाप उठतच असतो. मुलगा म्हणतो, "मी शहरात जायचं ठरवलंय." बाप म्हणतो, "बरं." खाली बसतो आणि विळा दगडावर घासू लागतो. उतारा संपला.

मी फळ्यावर लिहायचो: बरं म्हणजे होकार. बाप समजूतदार आहे. मुलं उतरवून घ्यायची. बाराव्या वर्षी एक मुलगा उठला. कधी तोंड न उघडणारा.

"सर, धार तर झाली होती ना?"

"मग?"

"मग परत का घासतोय?"

मी पुस्तकात पाहिलं. होतं की तिथंच! अकरा वर्षं होतं. मी विचारलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "त्याला मान वर करायची नाहीये."

खडू हातात तसाच राहिला.

तेव्हा श्रोतेहो, शब्दाचा अर्थ शब्दात शोधू नका. आधीची ओळ बघा, नंतरची ओळ बघा. बरं म्हणजे चांगलं, बरं म्हणजे दुखणं गेलेला, बरं म्हणजे होकार, आणि ‘बरं, बघतो तुला’ यात तर धमकीच. संस्कृत काव्यशास्त्राचा पंडित मम्मट, त्याने अकराव्या शतकात आपल्या ‘काव्यप्रकाश’ ग्रंथात हेच दाखवलं. ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य. गुराख्याला त्यात गाई आत घ्यायची वेळ ऐकू येते, मजुराला काम थांबवायची. भावनेचंही तसंच. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात भावनेच्या बाहेर दिसणाऱ्या खुणेला अनुभाव म्हणतात. घाम, थरथर, अडखळलेला आवाज. आमच्या बापाचा अनुभाव म्हणजे तो विळा. पुन्हा सांगतो: आधीची ओळ, नंतरची ओळ.

आणि ‘पात्र दुःखी झाले’ असं लिहू नका हो. कसलं दुःख? अपमानाचं, विरहाचं, की आपलं कुणी ऐकलं नाही याचं? गाईडवाल्यांनी सगळ्या बापांना एकाच दुःखात बसवलंय. हल्ली उद्गारचिन्हांचंही तेच, मूठमूठ पेरतात. एका वाक्यामागे तीन! माणसं काय सारखी दचकतात का? असो.

वार्षिक परीक्षेला तोच उतारा आला. पाच मार्कांचा प्रश्न, उत्तर पाच-सहा ओळींत अपेक्षित. त्या मुलाने एकच ओळ लिहिली: ‘बाप हो म्हणाला, पण त्याला मान वर करायची नव्हती.’ मी पाच दिले. पेपर पुन्हा तपासणाऱ्या सहकाऱ्याने त्याचे दोन केले. उत्तर त्रोटक आहे म्हणून.