श्रावण पाळतात ते

[दृश्य: आषाढातला शेवटचा रविवार. मटणाच्या दुकानापुढं रांग. स्टीलचे डबे, पिशव्या, आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या.]

आषाढ संपत आला की कोल्हापुरात दोन गोष्टींची घाई उडते. त्र्यंबोलीची यात्रा उरकायची असते आणि श्रावण लागायच्या आत एकदा मनसोक्त बसून घ्यायचं असतं. अमावस्येला घरात दिवे पुजले जातात, त्याच संध्याकाळी बाहेर गटारी साजरी होते. मोबाईलवर विनोद फिरतात, रस्सा उकळतो, मित्रांचे फोन येतात. दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद. सोमवार धरायचे, दाढी राखायची, ग्लासाला हात लावायचा नाही.

या एका महिन्याच्या जोरावर उरलेले अकरा महिने माफ होतात. "ते श्रावण पाळतात की! व्यसन असतं तर जमलं असतं का?" चित्रीकरण करताना हे आम्ही सासूकडून ऐकलं, दिराकडून ऐकलं, गल्लीतल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडूनही ऐकलं. ज्यांची ही गोष्ट आहे, त्या बाईसुद्धा कित्येक वर्षं तेच म्हणत होत्या.

[दृश्य: मंगळवार पेठेतला एक बोळ. दारात शिलाई मशीन. फक्त हात दिसतात.]

त्यांचं नाव घेणार नाही, चेहरा दाखवणार नाही. ब्लाऊज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करतात. मालक, म्हणजे त्यांचे पती, उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर. हात असा बसलेला की अवघड जॉब आला की शेजारच्या शॉपमधून बोलावणं यायचं. दारूची सुरुवात कधी झाली ते त्यांना नेमकं सांगता येत नाही, कारण सुरुवातीला ती दारू वाटतच नव्हती. पगाराच्या दिवशी, यात्रेला, फुटबॉलची मॅच जिंकली म्हणून, हरली म्हणून. मग रोजची चपटी. मग सकाळी कामावर जायच्या आधी.

"मी गाडीच्या स्टँडवरनं ओळखतो बघा," त्या सांगतात. "एका दमात स्टँड लागला की ताट वाढायचं. दोन-तीनदा खडखड झाली की पोरांना आतल्या खोलीत घ्यायचं."

संध्याकाळी सातपासून मशीनचा पाय हळू व्हायचा, कारण कान बोळाकडं असायचे. तो आला की वास. वास आला नाही तर डोळे. डोळे बरे असले तर डिकी. पाण्याच्या टाकीमागं, कोल्ड्रिंकच्या बाटलीत, पोराच्या जुन्या दप्तरात, सगळीकडं त्यांना सापडली आहे. सापडली की मोरीत ओतायची. ओतली की भांडण. भांडण झालं की तो बाहेर पडायचा आणि नवी घेऊन यायचा. आपण दारूवर पहारा देतोय असं त्यांना वाटायचं. खरं तर घरातलं सगळं वेळापत्रक त्या बाटलीनंच ठरवलेलं होतं, त्यांचंसुद्धा.

शपथा तर विचारू नका. जोतिबाचा गुलाल कपाळाला लावून, बाळूमामांचा भंडारा उचलून, आईच्या पायावर हात ठेवून, धाकट्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. आमचं मत विचाराल तर, पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला कुणी लावू नये. शपथ मोडते तेव्हा ते पोर रात्री जागं राहतं, आपल्याला आता काही होणार का म्हणून. शपथ घेताना माणूस खोटं बोलत असतो असंही नाही. त्या क्षणी त्याला खरंच सोडायची असते. पण रोजच्या दारूची सवय झालेला मेंदू शपथेच्या बळावर पूर्वपदाला येत नाही.

[दृश्य: सीपीआर, कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचं आवार. अपघात विभागाबाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक.]

एका वर्षी श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी मालकांना फिट आली. आदल्या रात्रीपासून हात थरथरत होते, घामानं बनियन भिजला होता, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणत होते. शेजारच्या म्हणाल्या, अमावस्येचं काहीतरी ओलांडलंय, उतारा टाका. रिक्षा मात्र सीपीआरला गेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रोज किती घेतात? बाईंनी उत्तर दिलं, "घेत न्हाईत. श्रावण हाय."

डॉक्टरांना तेवढ्यावर उलगडा झाला.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली की साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट आलीच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. काहींना दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेलं दिसतं, वेळकाळ कळत नाही, आणि या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून 'आजपासून बंद' हा निश्चय कितीही चांगला असला, तरी रोजच्या पिणाऱ्यानं तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली अमलात आणावा लागतो. तिथं थरथर आणि फिट आवरणारी औषधं देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण दारूनं ते कमी झालेलं असतं आणि त्याच्याअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

श्रावण पाळता येतो याचा अर्थ व्यसन नाही, असा होत नाही. महिनाभर थांबणारे पुष्कळ असतात. पुन्हा सुरू झाल्यावर 'आज एवढीच' हे हातात राहतं का, हे खरं बघायचं असतं.

सीपीआरमधून घरी आले, गोळ्या सुरू झाल्या, आणि काही महिने घर वेगळंच होतं. मालक संध्याकाळी मशीनशेजारी बसून काज-बटण करायचे. मग नात्यातलं एक लग्न आलं.

[दृश्य: मंगल कार्यालयाचं पार्किंग, रात्र. गाड्यांच्या मागं उभे असलेले चार-पाच जण. दुरून.]

दारूकडे परत वळणं त्या लग्नात सुरू झालं असं सगळे म्हणतात. बाईंनी मागं जाऊन आठवलं तर ते आधीच सुरू झालं होतं. पंधरवडाभर आधी गोळ्या बंद केल्या होत्या, "मी आता बरा आहे" म्हणून. फॉलोअपची तारीख चुकवली होती. शॉपमालकाशी ओव्हरटाइमवरून वाजलं होतं. घरी यायचा रस्ता बदललेला होता, तो परत जुना झाला. आणि "नुसता बसतो त्यांच्यात, घेत नाही" हे वाक्य घरात आलं होतं. व्यसनमुक्तीच्या बैठकांना जाणारी माणसं चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. लेथवर डबल शिफ्ट करून, शॉपमालकाशी भांडून, उपाशीपोटी, एकटा घरी निघालेल्या माणसाकडं त्या संध्याकाळी चारही असतात.

व्यसनावरच्या उपचारानंतर परत वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. रक्तदाब किंवा दमा असणारे औषधपाणी सोडून पुन्हा आजारी पडतात, त्याच्या आसपासच हे आहे. डॉक्टर हे उदाहरण देतात ते बरोबरच आहे. आम्ही ते बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "बीपी वाढलं म्हणून कोण पातेलं फेकून मारतंय व्हय?" आजार मानायचा, पण आजाराच्या नावावर मार खायचा नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणं हे बायकोच्या वाट्याचं सगळ्यांत अवघड काम, आणि त्यात तिला मदत करणारे थोडे असतात. बाकीचे दोन टोकांना उभे. एक म्हणतो सांभाळून घे, दुसरा म्हणतो सोडून दे.

दुसऱ्या वेळी पिणं सुरू झालं तेव्हा ओळखीच्या एकानं पुडी आणून दिली. आमटीत टाकायची, पत्ता लागू द्यायचा नाही. अशा पुड्या गावोगाव मिळतात. काहींत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीच्या गोळीतलं औषध असतं. दारू यकृतात फुटताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. एरवी शरीर तो लगेच पुढं मोडतं, ही गोळी ते मोडणं अडवते. मग वर दारू पडली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत आधीच खराब असेल तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा असर राहू शकतो. हीच गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून, रोज बायकोसमोर घेतली तर उपयोगी पडते. चोरून दिलेली मात्र विषप्रयोगाच्या जवळ जाते. बाईंनी पुडी डब्यामागं ठेवली होती, आमटीत टाकली नाही. का नाही टाकली, याचं त्यांचं उत्तर: "उद्या काय झालं आसतं तर सगळ्यांनी मलाच धरलं आसतं."

बोलणं कठोर आहे, पण खोटं नाही. त्यांच्या सासरी त्याच्या पिण्याचा हिशेब आधीच त्यांच्या नावावर लिहिलेला होता. बायको नीट असती तर कशाला पिला असता. पोरगा झाला की सुधारेल. जरा गोड बोलत जा.

[दृश्य: रिकाम्या खुर्च्यांचं वर्तुळ. पंख्याचा आवाज.]

उपचार केंद्राच्या कुटुंबीयांच्या बैठकीला त्या गेल्या, त्या नवऱ्याला कसं सुधारायचं हे विचारायला. तिथं त्यांना तीन वाक्यं मिळाली. हे मी घडवलेलं नाही. हे मला आवरता येत नाही. हे मला बरं करता येत नाही. ही वाक्यं फार जुन्या बैठकांमधून आली आहेत. पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरायचं, या कल्पनेवर १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी एकाच्या पत्नीनं, लोईस विल्सन यांनी, १९५१ साली पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-अनॉनला आकार दिला. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथंही पत्नींचा वेगळा गट भरतो. आजार एकाचा, पण उपचार घराला लागतात, हे महाराष्ट्राला यातून पुष्कळ अंशी उमगलं.

त्या पहिल्या बैठकीत बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. शेजारी कागलकडच्या एक बाई होत्या, त्या सांगत होत्या की मी त्यांच्या सुपरवायझरला फोन करून ताप आलाय म्हणून सांगतो. "मला वाटलं माझंच कोणीतरी सांगतंय."

घरी येऊन त्यांनी जे बदललं ते ऐकायला किरकोळ आहे. प्यायलेल्या माणसाशी रात्री बोलायचं नाही. जे बोलायचं ते सकाळी, उतरल्यावर, पोरं शाळेत गेल्यावर. बाटली शोधायची नाही. उधारी फेडायची नाही. शॉपमध्ये फोन करून ताप आलाय म्हणायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत जड गेलं, आणि जाणारच. पांघरूण काढा असं सांगणाऱ्यांना भाडं भरायचं नसतं. बाईंनी आधी शिलाईचे पैसे वेगळ्या खात्यात वळवले, भिशीचा हप्ता स्वतःच्या नावावर केला, कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करायला नकार दिला, आणि मग फोन बंद केले. मालकांचं काम गेलं. तीन आठवडे ते घरी होते. त्यानंतर ते स्वतःहून म्हणाले की दवाखान्यात जाऊया. प्रत्येक घरात असं होईल याची हमी कुणी देऊ नये. कागलकडच्या बाई आता माहेरी आहेत, आणि बऱ्या आहेत.

पोरांना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. पप्पांना आजार आहे, तो तुमच्यामुळं झालेला नाही. थोरल्यानं विचारलं, मग तुझ्यामुळं?

आणि एक पिशवी. आधार कार्डं, रेशन कार्ड, पासबुक, शाळेचे दाखले, दोन दागिने. ती शेजारच्या काकूंच्या कपाटात आहे, आजही. मारहाण झाली तर ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा बायकोला राहत्या घरात राहायचा हक्क देतो, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला असंच हाकलता येत नाही. ती अर्ज करू शकते, संरक्षण अधिकारी त्यात मदत करतो. नवरा दारूत होता म्हणून मारहाणीला सूट, असं त्या कायद्यात कुठंही नाही.

[दृश्य: उद्यमनगर. लेथवर फिरणारा जॉब, उडणारा किस. माणूस पाठमोरा.]

२०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागं एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. उरलेल्या सदतीस घरांत गुलाल, भंडारा, पुड्या आणि मोरीत ओतलेल्या बाटल्या चालू आहेत असं धरायला हरकत नाही.

मालक दुसऱ्या शॉपमध्ये लागले आहेत. मधे एकदा घसरले. त्या वेळी दोन दिवसांत परत डॉक्टरांकडं गेले, आधी महिने जायचे. आठवड्याच्या बैठकीला जातात. यंदा श्रावणाची वाट बघितली नाही, गटारीच्या दिवशी ते बैठकीतच होते. बाईंना विचारलं, आता स्टँडचा आवाज ऐकता का? "येतोय की कानावर," म्हणाल्या. "पर मशीन थांबवत न्हाई."

मदत हवी असेल तर १४४४६ हा नशामुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मनावरचा ताण असह्य झाला असेल तर टेलिमानस, १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं. हा फोन पिणाऱ्यानंच करायला पाहिजे असं नाही. बायकोनं, आईनं, थोरल्या पोरानं केला तरी चालतो, आणि तो माणूस अजून "मला काही झालेलं नाही" म्हणत असला, तरीही.