पबच्या माडीवरचे नाटक

नमस्कार, श्रोते मित्रहो.

लंडनच्या पश्चिमेला अर्ल्स कोर्ट नावाचा भाग आहे. तेथे दोन रस्ते मिळतात त्या टोकावर फिनबरो आर्म्स हा पब आहे. संध्याकाळी आत शिरलात तर कोणत्याही इंग्रजी पबात दिसते तेच दृश्य दिसेल. कामावरून परतलेली माणसे, लाकडी टेबले, बिअरचे उंच ग्लास आणि बारमागची लगबग. मात्र साडेसातच्या सुमारास काही माणसे टेबलावरून उठतात आणि अरुंद जिन्याने माडीवर जातात. वर ५० प्रेक्षकांची एक खोली आहे. दिवे मालवले की तिथे नाटक सुरू होते, आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षक नटाच्या इतका जवळ असतो, की पाय पसरले तर ते रंगमंचावर जातील. हे फिनबरो थिएटर. १९८० पासून ते याच खोलीत चालत आले आहे. लंडनमधल्या अशा पब थिएटरांविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे.

आधी 'पब' या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे, कारण मुंबई-पुण्यात हा शब्द उच्चारला की कर्कश संगीत आणि महागडी दारू डोळ्यांसमोर येते. मूळ इंग्रजी शब्द 'पब्लिक हाउस', म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर. इंग्लंडच्या जुन्या वस्तीतला पब हा पुष्कळसा आपल्या गावच्या पारासारखा असतो. तेथे आजोबा वर्तमानपत्र वाचत बसतात, फुटबॉलचा सामना पाहिला जातो, बारशापासून तेराव्यापर्यंतच्या गोष्टींसाठी माणसे जमतात. अशा पबात मागच्या बाजूला किंवा माडीवर एखादी मोठी खोली असे. कधी तेथे मंडळाच्या सभा होत, कधी नृत्याचे वर्ग भरत, आणि एरवी ती रिकामी पडून राही. पब थिएटरांचा जन्म या रिकाम्या खोल्यांतून झाला.

नाटक आणि मद्यालय यांचे नाते तेथे जुनेच होते. सोळाव्या शतकात लंडनच्या नाटकमंडळ्या मुसाफिरखान्यांच्या चौकात प्रयोग करत आणि प्रेक्षक भोवतालच्या सज्जांतून ते पाहत. पुढे १५७६ मध्ये जेम्स बर्बेज याने शोरडिच येथे खास नाटकासाठी इमारत उभारली, आणि हळूहळू नाटक स्वतःच्या घरात राहू लागले. ते पुन्हा पबात शिरले १९७० मध्ये. त्या वर्षी डॅन क्रॉफर्ड या अमेरिकन माणसाने इझलिंग्टनच्या अपर स्ट्रीटवरच्या किंग्ज हेड पबाच्या मागच्या खोलीत थिएटर सुरू केले. शेक्सपिअरच्या काळानंतरचे हे लंडनमधले पहिले पब थिएटर, असे त्याच्याविषयी अभिमानाने सांगितले जाते. प्रेक्षक टेबलाशी बसून आधी जेवत, आणि मग त्याच जागी बसून नाटक पाहत. १९७१ मध्ये ब्रिटनने शिलिंग-पेन्सचे जुने चलन बंद करून दशमान पद्धत आणली, तरी या पबाच्या गल्ल्यावर पुढची कित्येक वर्षे जुन्या चलनातच किंमत सांगितली जाई. क्रॉफर्ड २००५ मध्ये वारले. तोवर ३५ वर्षे त्यांनी ही जागा चालवली, आणि तेथून निघालेली काही नाटके वेस्ट एंड या लंडनच्या व्यावसायिक नाट्यवस्तीतल्या मोठ्या नाट्यगृहांत जाऊन पोहोचली.

हे १९७० च्या आसपासच का घडले, याचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. १७३७ च्या कायद्यापासून इंग्लंडमध्ये प्रत्येक नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडे मंजुरीसाठी पाठवावी लागे. १९६८ च्या थिएटर्स अ‍ॅक्टने ही परवानगीची अट काढून टाकली. आता आदल्या दिवशी लिहिलेले, तालमीत उत्स्फूर्तपणे रचलेले किंवा सत्तेला बोचणारे नाटकही कोणाला न विचारता करता येऊ लागले. मात्र असे नाटक करायला मोठे थिएटर कोण देणार? तेथे भाडे, कामगार आणि जाहिराती यांचा बोजा असतो. ज्यांच्याकडे फक्त शब्द आणि चार नट होते, त्यांना पबाची माडी परवडली. महाराष्ट्रात संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याची पद्धत ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या मोकळेपणाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आणि आपल्याकडे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून जे नाटक उभे केले, त्याची आठवण येथे आपोआप होते. तेथेही नाटकाला हवी होती ती थोडीशी जागा आणि अगदी जवळ बसलेला प्रेक्षक.

या प्रकारच्या नाटकाला 'फ्रिंज' म्हणतात. फ्रिंज म्हणजे कडा, पदराची किनार. हा शब्द एडिंबरोहून आला. १९४७ मध्ये तेथे मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा निमंत्रण नसलेल्या ८ नाटकमंडळ्या आपण होऊन गेल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. लंडनच्या पबांत मात्र ही किनार वर्षभर विणली जाते.

किंग्ज हेडच्या पाठोपाठ १९७१ मध्ये रिचमंडच्या ऑरेंज ट्री पबात सॅम वॉल्टर्स यांनी थिएटर सुरू केले. चेकोस्लोव्हाकियात ज्यांच्या नाटकांवर बंदी होती त्या वाक्लाव हावेल यांची नाटके तेथे झाली, आणि पुढे तेच हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९७२ मध्ये शेफर्ड्स बुश येथल्या पबाच्या माडीवर बुश थिएटर आले. व्हिक्टोरिया वुड आणि ज्युली वॉल्टर्स ही पुढे घराघरांत पोहोचलेली विनोदी जोडी १९७८ मध्ये या माडीवर प्रथम एकत्र आली. नॉटिंग हिलच्या प्रिन्स आल्बर्ट पबावर १९७९ मध्ये गेट थिएटर सुरू झाले आणि परभाषांतली नाटके इंग्रजीत आणणे हे त्याने आपले काम मानले. फिनबरोने तर एक नियमच केला आहे. जुने नाटक करायचे असेल, तर ते लंडनमध्ये गेल्या २५ वर्षांत झालेले नसावे. या नियमामुळे ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या कितीतरी संहिता पुन्हा नटांच्या तोंडी आल्या आहेत, आणि ५० खुर्च्यांच्या खोलीने हे काम अंगावर घ्यावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

बॅटरसीच्या लॅचमिअर पबावरील थिएटर ५०३ ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. केटोरी हॉल या तरुण अमेरिकन लेखिकेने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या रात्रीवर 'द माउंटनटॉप' हे नाटक लिहिले. ते २००९ मध्ये प्रथम झाले ते या छोट्याशा खोलीत. तेथून ते वेस्ट एंडला गेले आणि २०१० मध्ये सर्वोत्कृष्ट नव्या नाटकाचे ऑलिव्हिए हे लंडनच्या रंगभूमीवरचे मानाचे पारितोषिक त्याला मिळाले. त्याच सुमारास किलबर्न भागातल्या कॉक टॅव्हर्न पबात याहून धाडसी प्रयोग चालला होता. ऑपेरा म्हणजे शेकडो प्रेक्षक, भरगच्च वाद्यवृंद आणि महागडी तिकिटे, ही समजूत बाजूला ठेवून एका तरुण मंडळीने पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा 'ला बोएम' हा ऑपेरा इंग्रजीत, केवळ पियानोच्या साथीवर, पबाच्या माडीवर केला. या ऑपेऱ्याचा दुसरा अंक कॅफेत घडतो. त्यामुळे त्या अंकासाठी प्रेक्षकांना खाली बारमध्येच नेले जाई आणि पिणाऱ्यांच्या घोळक्यात गायक गाऊ लागत. एरवी दूर मंचावरून ऐकू येणारा कमावलेला आवाज हातभर अंतरावरून अंगावर येतो, तेव्हा काय होत असेल, याची कल्पना आपल्याकडे घरगुती बैठकीत गाणे ऐकलेल्यांना नक्की येईल. २०११ मध्ये या निर्मितीला सर्वोत्कृष्ट नव्या ऑपेरा निर्मितीचे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. दुर्दैव असे, की त्याच वर्षी, इमारतीच्या सुरक्षिततेच्या कारणावरून, कॉक टॅव्हर्नमधले थिएटर बंद झाले.

आता थोडा हिशेब. ५० खुर्च्या, आठवड्याला ६ प्रयोग, असे चार आठवडे रोज हाउसफुल झाले, तरी एकूण जागा भरतात १२००. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात दोन हाउसफुल प्रयोगांना याहून जास्त माणसे बसतात. एवढ्या उत्पन्नातून खोलीचे भाडे, नेपथ्य, प्रकाशयोजना, तालमीची जागा आणि नटांचे मानधन कसे निघावे? पुष्कळदा 'प्रॉफिट शेअर'ची पद्धत असते, म्हणजे खर्च वजा जाता उरेल ते सर्वांनी वाटून घ्यायचे, आणि उरते फारच थोडे. ज्याच्या घरचे पाठबळ आहे त्यालाच अशी नोकरीविना महिन्याभराची तालीम परवडते, आणि ज्यांच्यासाठी ही खोली उघडली गेली त्या गरीब घरच्या मुलामुलींना दार पुन्हा अर्धेच उघडे राहते. फ्रिंजवरचा हा आक्षेप खरा आहे, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच तो सर्वांत आधी मांडायला हवा. खोली एकही रात्र रिकामी ठेवणे परवडत नसल्यामुळे फिनबरोमध्ये रविवारी आणि सोमवारी दुसरेच नाटक, पहिल्या नाटकाच्या नेपथ्यातच उभे राहते. नेपथ्यकाराने मांडलेले दिवाणखान्याचे सोफे हलवता येत नसतील, तर जंगलात घडणारा प्रवेश त्या सोफ्यांतूनच उभा करावा लागतो, आणि दिग्दर्शकाची खरी कसोटी तेथे लागते.

पबामुळे थिएटर जगते आणि पबामुळेच ते धोक्यातही येते. नाटकाला आलेला माणूस खाली जेवतो, पितो, म्हणून मालक खोली देतो. मालक बदलला, जागेचे भाव चढले, वर सदनिका बांधण्याचा विचार झाला, की खोली जाते. म्हणून ज्यांना जमले ते पबातून बाहेर पडले. ऑरेंज ट्री १९९१ मध्ये समोरच्या जुन्या शाळेच्या इमारतीत गेले, बुश २०११ मध्ये जुन्या ग्रंथालयात. गेट थिएटर २०२२ मध्ये नॉटिंग हिल सोडून कॅम्डेनला गेले आणि त्याच वर्षी आर्ट्स कौन्सिल या कलांना सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेने त्याचे अनुदान थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. २०२४ च्या जानेवारीत किंग्ज हेडचे थिएटरही मागच्या खोलीतून निघून शेजारीच जमिनीखाली बांधलेल्या नव्या जागेत गेले. नवी जागा प्रशस्त आणि सोयीची आहे, याचा आनंदच आहे. तरी ज्या खोलीत ५३ वर्षे नाटक झाले, ती सोडताना तेथल्या मंडळींच्या मनात काय आले असेल, ते माझ्या मनातून जात नाही.

फिनबरो, इझलिंग्टनचे ओल्ड रेड लायन, हायबरीचे हेन अँड चिकन्स, केनिंग्टनचे व्हाइट बेअर, ही नावे लक्षात राहिली तर लिहून ठेवा. मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला जाणारे आपल्यातले पुष्कळ जण वेस्ट एंडचे एखादे भव्य संगीत नाटक आवर्जून पाहतात. त्यांनी एक संध्याकाळ यांपैकी एखाद्या खोलीसाठी राखावी. अर्धा तास आधी जावे, खाली काहीतरी घेऊन बसावे, आणि वर बोलावणे आले की चटकन उठावे, कारण बहुतेक ठिकाणी खुर्चीला क्रमांक नसतो आणि पुढची रांग लवकर भरते.

नमस्कार.