भोवरा नंतर, आधी खूर

(दृश्य : पहाट. तापीवर धुकं. शेकोट्या, ओळीने बांधलेले घोडे.)

मार्गशीर्षातली थंडी आणि तापीचा काठ. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं सारंगखेडा एरवी एकमुखी दत्ताचं गाव. दत्तजयंतीला यात्रा भरली की ते घोड्यांचं गाव होतं. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून ट्रक येतात. काळ्या मातीत खुंट्या ठोकल्या जातात, अगाडी-पछाडी, म्हणजे पुढची-मागची दोरी, बांधली जाते आणि उजाडायच्या आत खरारा, म्हणजे अंग घासणं, सुरू होतं.

(दृश्य : खरारा. मानेवरचे केस. कानांची टोकं.)

कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकू पाहतात, तो मारवाडी. त्याच्या शेजारी काठियावाडी. पलीकडे पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा नुकरा. त्याच्याभोवती गर्दी जास्त. पण त्या गुलाबी कातडीला ऊन सोसत नाही, नाकाडावर आणि डोळ्यांभोवती ती भाजते. नुकरा घेणाऱ्याने सावलीची सोय आधी करावी.

बाजारात पहिली नजर जाते ती रंगावर, उंचीवर आणि भोवऱ्यांवर, म्हणजे अंगावरच्या केसांच्या चक्रांवर. मानेवर लांब उतरलेला देवमन हा शुभ भोवरा असेल तर भाव चढतो. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असेल तर पंचकल्याण, भाव आणखी चढतो. डोळ्याखाली भोवरा दिसला की गिऱ्हाईक तो घोडा सोडून पुढे जातं. ही परंपरा जुनी आहे आणि ती जाणणारी माणसं जनावरावर जीव लावणारी आहेत. पण भोवऱ्याने घोडा लंगडत नाही. तो लंगडतो खुराने. म्हणून आम्ही कॅमेरा खाली घेतला.

(दृश्य : नालबंद मांडी घालून बसलाय. मांडीवर पुढचा पाय.)

खूर साफ करायचा तो टाचेकडून टोकाकडे. आकडीचं टोक स्वतःकडे ओढलं तर ते तळव्याच्या मऊ भागात घुसतं. तळव्याच्या मधोमध दिसतो तो त्रिकोणी भाग रबरासारखा लवचिक असायला हवा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळा, चिकट, कुजका वास येणारा मळ असेल, तर घोडा ओल्या लिदीत उभा राहिलेला आहे. यावर औषधापेक्षा कोरडी जमीन आणि रोजची सफाई महत्त्वाची.

आता ही पांढरी रेघ बघा. खुराची बाहेरची भिंत आणि आतला तळवा इथे जोडलेले असतात. रेघेच्या बाहेर खूर नखासारखं निर्जीव, आत जिवंत. नालेचा खिळा रेघेच्या बाहेरून शिरून भिंतीतूनच वर बाहेर पडला पाहिजे. आत गेला तर घोडा तिथेच पाय ओढतो. नुसता आतल्या बाजूला दाबून बसला, तर एक-दोन दिवसांनी लंगडतो. तेव्हा तो खिळा काढायचा, भोक धुवायचं आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघायचं. धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं जनावर क्वचितच असेल.

खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतं. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासायचं. नाल झिजली नसली तरी. वाढलेल्या खुराचं टोक पुढे जातं, टाच खचते आणि पायामागच्या शिरांवर ताण येतो. बाजारात येताना नवी कोरी नाल मारलेली असेल तर खुराच्या भिंतीवरची चीर नीट शोधा. लोखंडाखाली आणि तेलाखाली बरंच काही झाकलं जातं.

(दृश्य : मागे झुकून उभा घोडा. पुढचे पाय लांब टाकलेले.)

हा घोडा आळसाने असा उभा नाही. पुढच्या खुरांवर भार नको म्हणून अंग मागे टाकून उभा आहे. हात लावला तर खूर गरम लागतं आणि टाचेच्या वर दोन्ही बाजूंना नाडी ठसठसते. ताकदीसाठी म्हणून घातलेली जास्तीची चंदी, म्हणजे दाणा, हे याचं नेहमीचं कारण. खुराच्या आत हाड आणि भिंत यांना धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात आणि हाड खाली सरकू लागतं. असा घोडा चालवायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

(दृश्य : दोन हातांनी ओठ वर. दातांचा क्लोज-अप.)

आता तोंड. मालक सांगतोय, पाच वर्षांचा. दात काय सांगतात? पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्की येते. तिच्या शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. दुधाचे दात लहान, पांढरे आणि हिरडीपाशी बारीक. पक्के दात रुंद, पिवळसर. या तोंडात मधली जोडी रुंद आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दात अजून दुधाचे आहेत. म्हणजे हा घोडा अडीच ते साडेतीनच्या मधला. याच्या पाठीवर खोगीर घातल्याच्या खुणा मात्र आत्ताच आहेत.

उलट्या बाजूची फसवणूकही होते. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी एक खाच उगवते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत उतरते, विसाव्याला पूर्ण. ती दिसली तर "आठ वर्षांची घोडी" हे बोलणं तिथेच थांबवता येतं.

पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्या दोन्हींच्या मध्ये हिरडीचा मोकळा पट्टा आहे. लगामाची कडी इथे बसते. वर पातळ कातडी, खाली लगेच जबड्याचं हाड. बोटाने चाचपलं तर त्याची धार लागते. बऱ्याच घोड्यांना दाढांच्या पुढ्यात एक बारीक जास्तीचा दात असतो. कडी त्यावर आपटली की घोडा मान झटकतो आणि त्याला अडेल म्हणून मार पडतो. डॉक्टरकडून तो दात काढून घेतला की "अडेलपणा" बहुतेक वेळा संपतो. दाढांच्या धारेचंही तसंच. वर्षातून एकदा तोंड तपासून कानशीने धार मोडून घ्यावी. लिदीत अख्खे हरभरे दिसले किंवा चावलेल्या कडब्याचे गोळे तोंडातून पडले, तर वर्ष भरण्याची वाट बघायची नाही.

(दृश्य : तळहातावर काटेरी कडी. संथ फिरते. आवाज फक्त साखळीचा.)

आणि ही काटेरी कडी. मधल्या दांडीवर खिळ्यांसारखी टोकं. जीभ आणि तोच मोकळा पट्टा, यांच्यावर ती बसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली, गाडी ओढणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. त्यातल्या आठव्या नियमाने काटेरी लगाम वापरायला मनाई आहे. जखमा भरतात, पण भरलेली जागा कडक होते आणि पुढे साध्या कडीला घोडा दाद देत नाही. मग आणखी टोकदार कडी येते.

(दृश्य : जीभ.)

(निवेदन नाही. पाच सेकंद.)

(दृश्य : मोकळी जागा. घोडा दोरीवर दुडक्या चालीने.)

लंगडा घोडा ओळखायचा तर त्याला चालवून नव्हे, दुडकीवर बघायचं. जमीन टणक हवी आणि दोरी ढिली. धरणारा मान वर खेचून धरत असेल तर त्याला दोरी सोडायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना मान वर उडते, चांगला पाय टेकताना खाली येते. मागच्या पायाचं दुखणं मागून दिसतं, पुठ्ठ्याची एक बाजू जास्त वरखाली होते. सकाळी घोडा थंड असताना बघा आणि संध्याकाळी पुन्हा बघा. वेदनाशामक इंजेक्शनाचा अंमल उतरला की चाल बदलते.

मग शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. या घोडीचा घेर १६५, लांबी १५०. वजन भरतं सुमारे ३४४ किलो. पाठीवर भार जास्तीत जास्त याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ६९ किलोच्या आसपास. त्यात खोगीरही आलं, रिकिबीही आल्या.

(दृश्य : पाठीवर, खांद्याच्या उंचवट्यामागे, पांढऱ्या केसांचा ठिपका.)

हा ठिपका जन्मखूण नाही. खोगीर एकाच जागी दाबत राहिलं, कातडीचा रक्तपुरवठा अडला आणि केस पांढरे उगवले. खोगिराचा भार दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडायला हवा, कण्यावर नाही. पुढून बघितलं तर मणक्याच्या वरून उजेड आरपार दिसला पाहिजे. काम संपल्यावर खोगीर काढा आणि घामाचा ठसा बघा. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग राहिला असेल, तर दाब नेमका तिथे आहे.

(दृश्य : ढोल. नाचरा घोडा, पुढचे पाय उचलतोय. गर्दी.)

सारंगखेड्याला सगळ्यात मोठी गर्दी इथे. ढोलावर पाय उचलणारा घोडा लग्नाच्या वरातीत हवा असतो आणि त्याला किंमतही तशीच मिळते. शिकवण्याची एक रीत अशी : दोन खांबांमध्ये तोंड बांधायचं, तोंडात काटेरी कडी, पायांवर काठी आणि कानाशी ढोल. घोडा पाय उचलतो, कारण जमिनीवर ठेवला तर मार बसतो. शिकतो तो लवकर. विसरतो मात्र कधीच नाही.

(दृश्य : सकाळचं रिंगण. एक तरुण, एक घोडी, लांब छडी.)

ही दुसरी रीत. छडीचं टोक पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला फक्त टेकतं. घोडी पाय हलवते आणि छडी त्याच क्षणी बाजूला होते. परत टेकवली. या वेळी पाय चार बोटं वर आला. छडी गेली, मानेवर हात आला. सगळी विद्या त्या सोडण्यात आहे. घोड्याला समजतो तो दाब सुटल्याचा क्षण. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर त्याने पाय खाली ठेवलेला असतो, आणि आपण त्याला पाय खाली ठेवायला शिकवतो. पाच-सहा वेळा जमलं की धडा बंद. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. एक दिवस डावा पाय, एक दिवस उजवा.

ढोल सुरू होतो तो दोनशे पावलांवरून. घोडी कान टवकारते, ओठ आवळते, शेपूट दाबून धरते, तोवर ढोल पुढे येत नाही. मान खाली आली, ती चघळू लागली, की ढोल दहा पावलं जवळ. पुन्हा घाबरली तर वीस पावलं मागे. याला महिना लागतो, कधी दोन. बांधून ठेवून कानाशी ढोल वाजवला तर घोडा दोन दिवसांत गप्प होतो. पण तो शांत झालेला नसतो, गोठलेला असतो. असा घोडा वरातीत एका फटाक्याला उधळतो.

वयाचा हिशेब सुटता कामा नये. शिंगराच्या पायांना पहिल्या आठवड्यांपासून हात लावायचा, एकेक खूर उचलून दोन सेकंद धरायचं. दोन वर्षांपर्यंत नुसतं सोबत फिरवायचं : ट्रॅक्टर, पूल, पाणी, कुत्री. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते आणि पाठीच्या मणक्यांची पाचव्या वर्षानंतरही. म्हणून गुळगुळीत कडी आणि रिकामं खोगीर तिसऱ्या वर्षी, आणि हलका स्वार साडेतीन-चारला, सरळ रस्त्यावर पायी चालीनेच. दोरीवर फिरवायचं तर वर्तुळ किमान अठरा-वीस मीटरचं. लहान रिंगणात गरगर फिरवलं की सांधे एकाच बाजूने झिजतात. शिकवायचं दोन्ही बाजूंनी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात. डाव्या डोळ्याने ओळखीची झालेली गोणी उजव्या डोळ्याला नवी वाटू शकते.

(दृश्य : तोबरा. भिजवलेले हरभरे. कडबा.)

खाण्याचं थोडक्यात. घोड्याचं जठर लहान, आणि त्याला ओकता येत नाही. म्हणून वैरण दिवसभर, चंदी थोडी आणि दोन-तीन वेळांत विभागून, एका वेळी दीड किलोच्या वर नाही. विकत घेतलेल्या घोड्याला आधीच्या मालकाचंच खाणं द्यायचं आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचं. घोडा पोटाकडे वळून बघत असेल, खुराने जमीन उकरत असेल, लीद थांबली असेल, तर तो पोटशूळ. खाणं काढून घ्या. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजा. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली तर डॉक्टर येईपर्यंत वेळ मोजकाच आहे. बाटलीने तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

(दृश्य : पशुवैद्यकीय पथक. मानेतून रक्ताचा नमुना.)

हे रक्त ग्लँडर्सच्या तपासणीसाठी. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आत व्रण, पायांवर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणं. यावर उपचार नाही, लागण ठरली तर घोडा मारावा लागतो, आणि हा रोग माणसालाही होतो. बाजारातल्या सामाईक हौदावर पाणी पाजू नका. बादली आपली न्या. घरी नेल्यावर नवा घोडा तीन आठवडे वेगळा बांधा, त्याचा खराराही वेगळा.

(दृश्य : संध्याकाळ. फळीवरून ट्रकमध्ये चढणारी घोडी. दोरीची गाठ.)

व्यवहार झाला. ट्रकच्या जमिनीवर वाळू आणि वर कडबा, पाय घसरू नये म्हणून. आता दोरी बघा. आखूड बांधली तर तोंड रात्रभर वर राहतं, श्वासनलिकेतला कफ खाली उतरत नाही, आणि दोन दिवसांनी ताप, खोकला, पुढे फुप्फुसाचा दाह. एवढी ढील हवी की मान गुडघ्यापर्यंत यावी, पण पाय दोरीत अडकू नये. दर चार तासांनी ट्रक थांबवायचा, दोरी सोडायची, वैरण जमिनीवर टाकायची आणि पाणी दाखवायचं.

(दृश्य : रस्त्याकडेचा ढाबा. रात्र. ट्रकची फळी खाली.)

घोडीने मान खाली घातली आहे. नाकातून पातळ पाणी गळतंय, ते गळू द्यायचं. बादलीतलं पाणी प्यायली, की अर्ध्या तासाने निघायचं.